सदुसष्ट किलो

सुकुमार मिरजेहून आला तेव्हा माझे दोन्ही हात पुरणात होते. तो दारातल्या पायरीवरच टेकला. डायलिसिस झाल्यावर सरळ आत येण्याइतकंही त्राण त्याच्यात उरायचं नाही. काखेत माझ्या रिपोर्टांचं पाकीट होतं.

"जुळतंय काय रे?" मी आतूनच विचारलं.

"आधी पाणी दे. अर्धाच पेला."

मी हात धुऊन पाणी नेलं. एकेक घोट तोंडात घोळवत त्यानं ते संपवलं. दिवसाला त्याला पाऊण लिटर पाणी होतं, त्यातच चहा आणि आमटीसुद्धा. पेला खाली ठेवून तो त्याच्याकडेच बघत बसला.

"रक्तगट जुळतोय," तो म्हणाला. "पण तुझी किडनी आत्ता घेता येणार नाही म्हणतात. वजन जास्त आहे आणि साखर काठावर आलीय. वजन सत्तरवर आण, तीन महिन्यांची सरासरी साखर सहाच्या खाली आण, मग बघू म्हणाल्या डॉक्टर मॅडम."

"किती दिवसांत?"

"जितक्या लवकर जमेल तितक्या लवकर."

बारा वर्षांपूर्वीच्या जूनमधली ही गोष्ट. तेव्हा मी शेहेचाळीस वर्षांची होते आणि माझं वजन शहाऐंशी किलो होतं. जयसिंगपुरात सातव्या गल्लीत आमचं घर. आमचे हे साखर कारखान्यात ऊस तोलायच्या काट्यावर क्लार्क होते, मुलगी लग्न होऊन पुण्याला गेलेली, आणि मी घरीच पुरणपोळ्या करून द्यायची. लग्नं, बारशी, सणवार, कुणाला शंभर लागायच्या, कुणाला तीनशे. पुरण चाखल्याशिवाय कळत नाही, म्हणून घाण्यागणिक मी चमचाभर तोंडात टाकायची. तुटलेली पोळी गिऱ्हाईकाला देता येत नाही, म्हणून तीही मीच खायची. हे खाणं आहे असं मला कधी वाटलंच नव्हतं.

सुकुमार माझ्याहून सात वर्षांनी धाकटा. शाळेत पी.टी.चा मास्तर. तरुणपणी कबड्डीत तालुक्यात त्याचं नाव होतं. एका चढाईत गुडघा गेला आणि त्या गुडघ्यासाठी त्यानं वर्षानुवर्षं दुखण्याच्या गोळ्या खाल्ल्या. त्यातच रक्तदाब वाढलेला, तो त्यानं कधी मोजलाच नाही. पाय सुजायला लागले तेव्हा दोन्ही किडन्या गेलेल्या होत्या. त्याचं लग्न दोन वर्षांतच मोडलं होतं, पुढं आईही गेली, तेव्हापासून तो आमच्याकडंच राहायचा. मंगळवारी आणि शुक्रवारी मिरजेला मशीनवर चार तास. मी रोज त्याच्याकडे बघायची आणि रोज वाटायचं, हा आणखी थोडा पिवळा पडलाय.

म्हणून त्या दिवशी पायरीवर त्यानं सांगितलं तेव्हा मला रडू आलं नाही, उलट हायसं वाटलं. माझ्या हातात काहीतरी आलं होतं. सोळा किलो. सोळा किलो अंगावरून काढले की माझा भाऊ वाचणार.

"तुला व्यायाम मी शिकवतो," तो म्हणाला. "आयुष्यभर तेच केलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला त्यानं मधल्या खोलीत खुर्ची टाकली आणि मला दुसऱ्या खुर्चीवरून हात न टेकता उठायला सांगितलं. मला येईना. शेहेचाळिसाव्या वर्षी मला खुर्चीवरून नुसतं उठता येत नव्हतं. मी हसायला लागले, पण तो हसला नाही. वर्गातल्या मुलाशी बोलावं तसं, पाय जवळ घे, वाक, टाचेवर जोर दे, असं सांगत राहिला. पाचव्या वेळी मी उठले.

"एक," तो म्हणाला.

तीच सुरुवात. खुर्चीवरून दहा वेळा उठणं, भिंतीला हात टेकवून दहा दंड, दोन्ही जेवणांनंतर वीस मिनिटं जागच्या जागी चालणं. पहिले पंधरा दिवस गुडघे इतके दुखायचे की जिना मी बसत बसत उतरायची. गल्लीतून चालायला जाते म्हटलं तर तो नको म्हणाला. तुझे गुडघे आत्ता डांबर सोसणार नाहीत, घरातच कर. पुढं तेलाच्या रिकाम्या बाटल्यांत वाळू भरून त्या दोन्ही हातांनी उचलायला लावल्या. स्वतः उभं राहायची ताकद नसली तरी बसल्या जागी तो मोजायचा आणि मी चुकवलं की पुन्हा पहिल्यापासून मोजायचा.

खाण्याचंही त्यानंच ठरवलं. सकाळी मोड आलेले मूग. दुपारी एक भाकरी, वाटीभर भाजी, पातळ डाळ, काकडी, ताक. संध्याकाळी तेच, फक्त भाकरी अर्धी. भात नाही, साखर नाही, गूळ नाही. आमच्यात दिवस मावळायच्या आत जेवायची रीत. आईनं ती जन्मभर पाळली, मी सासरी आल्यावर सोडून दिली होती. आता पुन्हा धरली. पुरण चाखायचं काम शेजारच्या कलावतीवहिनींकडे गेलं. मी पुरण वाटायचं आणि त्यांनी हात पुढं करून चाखायचं. त्यांचं तोंड हलताना मी भिंतीकडं बघत उभी राहायची.

भूक म्हणजे काय असतं ते मला तेव्हा कळलं. पोटाची भूक सोसता येते. पण वेलदोडा-जायफळाचा वास नाकात जायचा आणि जिभेच्या दोन्ही कडांना पाणी सुटायचं, ते काही केल्या थांबायचं नाही. एकदा जुलैत, सुकुमार मिरजेला गेलेला असताना, मी कोठीच्या खोलीत जाऊन दोन पोळ्या उभ्यानंच खाल्ल्या. खाऊन झाल्यावर स्वतःच्याच पोटावर बुक्क्या मारल्या. माझ्या भावाचं आयुष्य मी दोन पोळ्यांपायी खाऊन टाकलं असं मला वाटलं. तो आल्यावर सांगितलं. तो रागावेल असं वाटलं होतं, पण तो शांत होता. कबूल केलंस ना, आता उद्या नेहमीसारखं कर, एका दिवसानं काही होत नाही, म्हणाला.

पण मला ते पटायचं नाही. मला प्रत्येक दिवस मोजूनच मिळाला होता. डायलिसिसला त्याच्या शेजारच्या खाटेवर कुपवाडचे एक पोस्टमन असायचे. गप्पिष्ट माणूस. त्यांना मुलगी किडनी देणार होती, बाळंतपण झाल्यावर. गौरी-गणपतीनंतरच्या एका शुक्रवारी मी सुकुमारबरोबर गेले तर त्या खाटेवर दुसरंच कुणी होतं. नर्सनं काही सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. परत येताना एस.टी.त सुकुमार खिडकीबाहेर बघत होता. मी मनात माझं वजन वजा करत होते. सत्त्याहत्तर. अजून सात.

सप्टेंबरात पुन्हा रक्त तपासलं. साखर सात पॉइंट सहावरून सहा पॉइंट सहावर आली होती. रिपोर्ट इंग्रजीत, पण आकडे मला कळत होते. आकड्यांचा अर्थ मात्र तो सांगेल तोच. मी स्वतः मॅडमना भेटते म्हटलं की तो म्हणायचा, मी दाखवतो ना, तू कशाला तुझा दिवस मोडतेस, वेळ आली की त्या बोलावतील. मीही ऐकायची. त्याच्यावर विश्वास न ठेवायचं काही कारणच नव्हतं.

दिवाळीच्या तोंडाला त्याची तब्येत एकदम खालावली. दोन डायलिसिसच्या मध्येच त्याला धाप लागायला लागली. झोपल्यावर छातीत पाणी चढायचं म्हणून तो बसूनच झोपायचा. आमच्या ह्यांनी एक दिवस मला स्वयंपाकघरात बोलावून हळूच सांगितलं, मनाची तयारी ठेव. त्या दिवसापासून मी जेवणच बंद केलं. सकाळी ताक, संध्याकाळी ताक. वर आणखी दोनदा व्यायाम. चार किलोंचाच प्रश्न होता. पंधरा दिवसांत उतरवून टाकू, मग डॉक्टरांना नाही म्हणायला जागाच उरणार नाही.

तिसऱ्या दिवशी पोळी तव्यावर टाकताना माझ्या डोळ्यांपुढं अंधार आला. शुद्धीवर आले तेव्हा मी जमिनीवर होते, मनगट तव्याला लागून भाजलेलं होतं, आणि सुकुमार माझं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. एरवी ज्याला चार पावलं टाकली की दम लागायचा, तो आतल्या खोलीतून धावत आला होता. त्याची छाती भात्यासारखी वर-खाली होत होती.

"काय खाल्लं नाहीस तू?" त्यानं विचारलं.

"ताक घेतलं की."

त्यानं कलावतीवहिनींना हाक मारून भाकरी आणि आमटी आणायला सांगितली आणि माझ्या तोंडात घास घातला.

"असं नको करू, अक्का," तो म्हणाला. "उपाशी मरून वजन उतरवायचं असतं तर मी खुर्ची टाकून मोजत बसलो असतो काय? खा. सगळं खा. मी बघालोय."

"तू राहणार नाहीस रे तोवर," मी म्हणाले. हे मी त्याच्या तोंडावर पहिल्यांदाच बोलले.

"राहीन," तो म्हणाला. "तुझं होईपर्यंत राहतो."

त्या बोलण्याचा मी तेव्हा वेगळाच अर्थ घेतला.

मिरजेच्या मॅडमनी त्याचा डायलिसिस आठवड्यातून तीनदा केला आणि तो थोडा सावरला. नोव्हेंबरच्या शेवटी काट्यावर सत्तरचा आकडा आला. सत्तर, आणि वर काही नाही. मी आनंदानं त्याला सांगितलं. तो बराच वेळ काट्याकडं बघत राहिला आणि मग म्हणाला, मॅडम आता सदुसष्ट म्हणतायत. तुझ्या उंचीला सदुसष्टच बरोबर आहे.

"आधी सत्तर म्हटलं होतं की."

"आधी अंदाजानं म्हटलं होतं."

त्या दिवशी मी खोलीचं दार लावून रडले. तीन किलो म्हणजे आणखी महिना, आणि महिनाभरात काय होईल ते कुणी सांगावं? पण भांडायचं कुणाशी? दुसऱ्या दिवशी सहाला मी पुन्हा उभी राहिले. आता मला खुर्चीवरून सलग चाळीस वेळा उठता येत होतं. जिना दहादा चढून उतरले तरी गुडघा कुरकुरत नव्हता. गल्लीतल्या बायका मला थांबवून काय घेतेस म्हणून विचारायच्या. आरशात बघितलं की मला आईच दिसायची. या कशाचंच मला कौतुक नव्हतं. मला माझं शरीर म्हणजे एक पिशवी वाटायचं, तिच्यात सुकुमारची एक वस्तू आहे आणि ती नीट पोहोचवायची आहे, बस.

डिसेंबरच्या सोळा तारखेला सदुसष्ट झालं. त्याच्या आदल्याच दिवशी रक्ताचा रिपोर्ट आला होता. पाच पॉइंट आठ. मी सुकुमारला सांगितलं. तो म्हणाला, छान, एक महिना टिकतंय का बघू. तेव्हा मात्र माझ्या डोक्यात काहीतरी सटकलं. हा पुढं ढकलतोय. का? मला वाटलं, हा घाबरलाय. ऑपरेशनला घाबरलाय, किंवा माझं काही बरंवाईट होईल म्हणून घाबरलाय. त्याच्या मनानं चाललं तर हा असाच बसल्या बसल्या संपेल.

दुसऱ्या दिवशी तो मशीनवर असताना, त्याला न सांगता, मी सगळे रिपोर्ट घेऊन मिरजेला गेले आणि शिरगुप्पे मॅडमच्या दाराशी रांगेत बसले. अडीच तासांनी माझा नंबर आला. मॅडम पन्नाशीच्या, सावकाश बोलणाऱ्या. मी सुकुमार मगदूमची बहीण म्हणून सांगितलं तर त्यांनी मला नीट बघून घेतलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"तुम्हीच त्या," त्या म्हणाल्या. "दर वेळी तुमचे रिपोर्ट दाखवतात ते. फार छान केलंत तुम्ही. एकही गोळी न घेता इतकी साखर उतरवणारी माणसं थोडी असतात."

मी सदुसष्ट झाल्याचं सांगितलं आणि विचारलं, ऑपरेशनची तारीख कधी देणार.

त्यांना कळलं नाही. मी पुन्हा विचारलं. मग त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"तुमची किडनी आम्ही घेऊ शकत नाही, ताई," त्या म्हणाल्या. "हे मी जूनमध्येच तुमच्या भावाला सांगितलं होतं. तुम्हाला डायबेटिस निघाला तेव्हा. सात पॉइंट सहा म्हणजे काठावर नव्हे. तुमच्या वडिलांनाही होता. आज साखर उतरली म्हणून तो गेला असं होत नाही. पुढं कधी वाढली तर तुमच्याकडं एकच किडनी असेल, आणि तीही त्यातच जाईल."

मी म्हणाले, "मी लिहून देते. माझं काही झालं तरी तुमच्यावर येणार नाही."

"लिहून दिलं तरी नाही."

"अजून दहा किलो उतरवते."

त्यांनी मान हलवली. मी आणखी काय काय बोलले ते मला आठवत नाही. पाया पडले एवढं आठवतंय, कारण त्या खुर्चीवरून उठून मला धरायला आल्या होत्या. मला वाटलं तुम्ही हे स्वतःसाठीच करताय, असं त्या दोनदा म्हणाल्या.

तिथून मी जिना चढून डायलिसिसच्या खोलीत गेले. सुकुमार पडून होता. हाताला नळ्या, बाजूला मशीन चालू. मला बघून तो आधी हसला आणि मग माझ्या हातातले रिपोर्ट बघून हसायचा थांबला.

"मॅडमना भेटून आले," मी म्हणाले.

त्यानं डोळे मिटले. "बस, अक्का."

"तुला जूनपासून ठाऊक होतं?"

"होतं."

"मग सहा महिने मला का नाचवलंस?"

आजूबाजूच्या खाटांवरची माणसं ऐकत होती, पण मला त्याचं काही नव्हतं.

"तुला साखर झालीय एवढंच सांगितलं असतं, तर काय केलं असतंस?" त्यानं विचारलं. "एक गोळी घेतली असतीस, आणि वर पुरण चाखत राहिली असतीस."

"माझं मी बघितलं असतं."

"आण्णाही असंच म्हणायचे."

आमच्या वडिलांचा पाय कापला होता, त्यानंतर सहा महिन्यांत ते गेले. मला एवढंच माहीत होतं. मी तेव्हा बावीस वर्षांची, सासरी, मुलगी पोटात होती. मला बोलावलं ते सगळं झाल्यावर.

"तू नव्हतीस," तो म्हणाला. "मी पंधरा वर्षांचा होतो. त्यांच्या पायाची पट्टी रोज शाळेच्या आधी मी सोडायचो. एक दिवस पट्टीबरोबर बोट सुटून आलं. माझ्या हातात. आईला सांगितलं नाही मी. तुलाही नाही. ते कागदात गुंडाळून कुठं टाकावं ते मला कळत नव्हतं." तो थांबला. त्याला दम लागला होता. "तुझी पट्टी सोडायला मी असणार नाही, अक्का."

"मी तुला वाचवायला निघाले होते रे."

"माहीत आहे. म्हणून तर जमलं."

"या सहा महिन्यांत दुसरं कुणी शोधलं असतं. काकांच्या पोरांना विचारलं असतं."

"मी विचारलं होतं. तिघांनाही. जूनच्या आधीच." तो शांतपणे म्हणाला. "प्रत्येकाची काही ना काही अडचण निघाली. मेलेल्या माणसाच्या किडनीसाठी नाव घातलंय, नंबर यायचा तेव्हा येईल."

मला त्याचं तोंड बघवेना. सहा महिने मी एकच गोष्ट धरून उठले होते आणि झोपले होते, आणि ती नव्हतीच. मी रिपोर्ट त्याच्या पायांशी ठेवले आणि निघाले. त्याचा अजून दीड तास बाकी होता. बरोबर गेले की डायलिसिसनंतर त्याला धरून बसमध्ये चढवायला मी थांबायचीच. त्या दिवशी थांबले नाही.

घरी आले तेव्हा दिवस मावळला होता. ओट्यावर दुसऱ्या दिवशीच्या बारशाच्या पोळ्या कापडाखाली झाकलेल्या होत्या. मी ताट घेतलं, वाटीभर तूप घेतलं आणि खाली बसून पाच पोळ्या खाल्ल्या. सावकाश. कुणापासून लपून नाही. सहा महिने ज्या चवीसाठी जीव कासावीस व्हायचा ती चव आली, पण मला तिच्यात काही वाटलं नाही. तरीही खात राहिले. त्यानं माझ्याकडून जे घडवून घेतलं होतं ते मला मोडायचं होतं.

तो रिक्षानं एकटाच आला. भिंतीला धरून धरून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आला आणि माझ्यापुढचं ताट बघितलं.

"किती?" त्यानं विचारलं.

"पाच."

तो तिथंच उंबऱ्यात खाली बसला आणि रडायला लागला. आण्णा गेले तेव्हा तो रडला नव्हता, बायको सोडून गेली तेव्हाही नाही, स्वतःचा आजार कळला तेव्हाही नाही. आता लहान पोरासारखा हुंदके देत होता, आणि मशीनवरून नुकतंच उतरलेलं ते एवढंसं शरीर गदगदत होतं. मी जागची हलले नाही.

"माझ्या हातून आयुष्यात एवढंच एक धड झालं होतं, अक्का," तो म्हणाला.

थोड्या वेळानं मी उठले, ताट मोरीत ठेवलं, त्याला धरून उठवलं आणि त्याच्या खाटेवर नेऊन बसवलं. पाणी विचारलं. आजचं संपलंय, म्हणाला. मी तरी त्याला एक घोट दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले आणि जिना चढायला लागले. का, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं. त्याला क्षमा केली होती असं मुळीच नाही. तो आला, खुर्चीवर बसला, आणि आम्ही दोघंही त्या दिवशी एक शब्द बोललो नाही. जेवायला मूग होते, भाकरी होती. दुपारी पुरण वाटलं तेव्हा कलावतीवहिनींना हाक मारली.

सुकुमार त्यानंतर चौदा महिने जगला. नंबर आलाच नाही. त्या चौदा महिन्यांत आमच्यात पुष्कळ बोलणं झालं, हसणंही झालं, पण त्या गोष्टीबद्दल तो मला मधून मधून एकच विचारायचा. मशीनवर पडल्या पडल्या, किंवा मी त्याच्या पायाला तेल लावत असताना.

"अजून राग आहे?"

"आहे," मी म्हणायची. खरंच होता.

"असू दे," तो म्हणायचा. "राग आहे तोवर तू सोडायची नाहीस."

शेवटच्या आठवड्यातही त्यानं विचारलं. तेव्हा त्याला ऐकू कमी यायला लागलं होतं, म्हणून मी त्याच्या कानाशी वाकून सांगितलं. त्यानं डोळे न उघडता मान हलवली, समाधान झाल्यासारखी.

मी आता अठ्ठावन्न वर्षांची आहे. साखर अजून गोळीशिवाय आटोक्यात आहे. दोन्ही पाय धड आहेत. वजन सदुसष्टच्या वर जाऊ दिलेलं नाही. गल्लीतल्या बायका विचारतात, कसं जमतं तुम्हाला, बारा-बारा वर्षं. मी म्हणते, सवय.

खरं तर राग अजून गेलेला नाही.